किल्ल्यावरचे फ्रेंच मावळे

त्या ठेंगण्या, मिशाळ फ्रेंच वीराकडे मी पहिल्यापासून संशयानेच बघत आलो. या लेखात मी कुणाचंच नाव लिहिणार नाही, आणि त्याचं तर लिहायची गरजही नाही. त्याच्या चित्रकथेचं एक पानही न उघडलेली माणसं त्याला ओळखतात. माझी तक्रार तीच होती.

बहरीनमधल्या एका भारतीय शाळेचं ग्रंथालय मी सांभाळतो. पुस्तक वाचूनच त्यातल्या माणसाची ओळख व्हावी असं मला वाटतं. हा मात्र पुस्तकातून कधीच बाहेर पडलेला. मुलांच्या पाण्याच्या बाटलीवर तो, कंपासपेटीवर तो. मनामाच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, एका शिंप्याच्या दुकानात कापडाच्या गठ्ठ्यावर त्याचा बाहुला बसलेला असतो. गुदैबियात आमच्या इमारतीखालच्या केशकर्तनालयाच्या काचेवर त्याचा चेहरा रंगवलाय. मी एकदा केस कापणाऱ्या मल्याळी माणसाला विचारलं, हा कोण माहीत आहे का? तो कात्री न थांबवता हिंदीत म्हणाला, "मिशीवाला आहे साहेब. याच्यामुळे मिशीची गिऱ्हाइकं येतात." कुठल्या देशाचा, कुठल्या पुस्तकातला, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. शावर्माच्या एका टपरीवर तर तो हातात सुरी घेऊन मांस कापताना दाखवलाय.

माझ्या ग्रंथालयात त्याची पुस्तकं सगळ्यांत खालच्या फळीवर असत. मुलांना ती मांडी घालून बसल्याशिवाय दिसू नयेत, असा माझा साधा हिशेब. तरी मुलं मांडी घालून बसतच.

माझ्या बायकोला तो फार आवडायचा. ती कुडाळकडची, मी साताऱ्याचा. दुपारची जेवणं झाली की ती गादीवर पालथी पडून त्याची इंग्रजीतली पुस्तकं वाचायची आणि मोठमोठ्याने हसायची.

"अहो, हा मालवणी आहे," ती म्हणायची. "बघा तरी. सगळं गाव एकमेकांच्या उरावर बसतं आणि बाहेरचा कोणी आला की एक होतं. आमच्या वाडीत दुसरं काय चालतं?"

मी हातातलं पुस्तक खाली न ठेवता "हं" म्हणायचो.

दिवाळीत आम्ही बाल्कनीत किल्ला करायचो. माती नर्सरीतून पोत्याने आणायची, तटाला वीट लावायची, वर हळीव पेरायचे. एका वर्षी गावाहून आणलेले मातीचे मावळे सामानात चेपले आणि इथे पोचले तेव्हा एकाच्याही खांद्यावर डोकं नव्हतं. मुलगी रडायला लागली. तेव्हा बायकोने चॉकलेटच्या अंड्यांतून निघालेले, प्लास्टिकचे ते पाच-सहा मिशाळ वीर तटावर उभे केले. शेजारचे गृहस्थ फराळाला आले होते. त्यांनी वाकून बघितलं.

"वहिनी, हे कुठले मावळे?"

"फ्रान्सचे. व्हिसावर आलेत."

त्यानंतर दरवर्षी तेच पहाऱ्यावर राहिले.

मुलगी सहा वर्षांची असताना इथल्या मराठी मंडळाच्या वेशभूषा स्पर्धेत बायकोने तिला त्याच वीरासारखं सजवलं. कापसाची मिशी, पुठ्ठ्याचं शिरस्त्राण, कमरेला लाकडी तलवार. ती मंचावर आली आणि निवेदक ओरडले, "आणि हा आला आपला छोटा मावळा!" टाळ्यांचा कडकडाट झाला. परीक्षकांनी विचारलं, "काय रे गड्या, कुठल्या गडावरचा तू?" मुलीने खरं ते सांगितलं, की मी गावातला आहे आणि आमच्या गावाबाहेर शत्रू बसलाय. परीक्षक इतके खूश झाले की पहिला नंबर तिथेच जाहीर केला. मराठी माणसं सोडून ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. आपल्याला लहान अंगाचा, मोठ्या मिशीचा, तलवारवाला माणूस दिसला की तो दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही. बायको आठवडाभर हसत होती.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. ती सनाबिसजवळच्या एका दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती. दुपारी डोकं दुखतंय म्हणाली, संध्याकाळी बोलणं थांबलं, तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला खुर्चीवर बसायला सांगितलं. अस्थी घेऊन मी आणि मुलगी गावी गेलो आणि शाळा सुरू व्हायच्या आत परत आलो. त्यानंतरचे महिने आम्ही दोघं एका घरात राहिलो, एवढंच म्हणता येईल. ती पंधरा वर्षांची आहे. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि मग दोघांची दारं लागतात.

दिवाळीच्या दोन आठवडे आधी ती माझ्या दारात उभी राहिली.

"बाबा, किल्ला करायचाय. आय नीड द बॉक्स."

खोका कपाटावर होता. ती क्लासला गेल्यावर मी तो काढला, पुसला, उघडला. पाच-सहा मावळे असतील अशी माझी समजूत होती. मी ते एकेक करून सतरंजीवर मांडले. एकतीस निघाले. काही अगदी नवे होते, रंग न उडालेले. आमची मुलगी चॉकलेटची अंडी खायची बंद होऊन पाच वर्षं झाली होती.

खोक्याच्या तळाशी घडी केलेला कागद होता. शाईच्या पेनाने लिहिलेल्या तीन ओळी. भाषा फ्रेंच. माझ्या बायकोला फ्रेंच येत नव्हतं. निदान मला तरी तसंच माहीत होतं. मी फोनचा कॅमेरा कागदावर धरला आणि फोनने त्याच्या ओबडधोबड मराठीत सांगितलं: हे दोन तुमच्या किल्ल्यासाठी. तुमच्या नवऱ्याला आत्ता सांगू नका. मंगळवारी भेटू.

मी फोन बंद केला, पुन्हा चालू केला, पुन्हा कॅमेरा धरला. मजकूर तोच आला.

अक्षराचा मला सराव आहे. जुन्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर लोकांनी लिहिलेलं मी आयुष्यभर वाचत आलोय. हे अक्षर शिकलेल्या माणसाचं होतं, आणि घाई नसलेल्या माणसाचं. पुरुषाचं, असं मी ठरवून टाकलं. ते कशावरून ठरवलं, हे आज मला सांगता येणार नाही.

मंगळवारी ती मंडळाच्या बायकांबरोबर लेझीमच्या सरावाला जायची. पाचला निघायची, साडेसातला परत. चार वर्षं. मी तिला कधी सरावाबद्दल विचारलं नव्हतं आणि तिनेही कधी लेझीम घरी आणली नव्हती. हे तेव्हा ध्यानात आलं नाही. आता दर रात्री ध्यानात येऊ लागलं.

पुढचे दहा दिवस मी कसा वागलो ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. तो मिशाळ वीर ज्याच्याजवळ दिसे, तो मला संशयित वाटे. प्रयोगशाळेतल्या शिक्षकांच्या किल्ल्यांना त्याचा छल्ला होता. आम्ही गावाहून परतल्यावर हे गृहस्थ भेटायला आले तेव्हा इतके गप्प का होते, असं मी मनाशी उगाळत बसलो. पुण्याच्या एका बँकवाल्या पालकांच्या हातात कॉफीचा कप होता आणि त्या कपावर तो. मी त्यांच्या मुलाच्या उशीर झालेल्या पुस्तकावरून त्यांना असं काही सुनावलं की ते बघतच राहिले. सीफच्या मॉलसमोर एका पांढऱ्या गाडीच्या मागच्या काचेवर त्याचं चित्र होतं. त्या गाडीचा मालक येईपर्यंत मी उन्हात पंचवीस मिनिटं उभा राहिलो. एक बहरीनी बाई दोन लहान मुलांना घेऊन आली आणि गाडी घेऊन गेली. ज्या माणसाला मी वर्षानुवर्षं खालच्या फळीवर दडवून ठेवलं होतं, तो आता या बेटावर प्रत्येक भिंतीवरून माझ्याकडे बघून हसत होता.

शेवटी मी आमच्या नेहमीच्या टॅक्सीवाल्यांना गाठलं. हे खेडचे, आमच्या इमारतीतल्या सगळ्या बायकांना हेच नेतात-आणतात. गाडीत बसल्यावर मी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, "मंगळवारी लेझीमच्या सरावाला हिला तुम्हीच सोडत होतात ना?"

"लेझीम?" त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "सराव तर शुक्रवारी असतो साहेब. माझीच बायको आहे की त्यात. गुडघा धरून बसते शनिवारी."

"मग मंगळवारी?"

"मंगळवारी वैनी सनाबिसला. पाचला सोडायचो, सातला आणायचो. डबा असायचा हातात."

"कुणाकडे?"

"ते मी कशाला विचारू? मी गाडी चालवतो, पोलीस चौकी नाय चालवत." ते हसले. ते हसणं मला आवडलं नाही. मग त्यांचं त्यांनाच काही वाटलं असावं. "साहेब, वैनी माझ्या बहिणीसारख्या होत्या. घर दाखवू का?"

"आज नको," मी म्हणालो.

डबा. माझ्या डोक्यात तो डबाच राहिला. त्या मंगळवारी घरी काय जेवण असायचं ते मी आठवू लागलो, आणि मंगळवारी घरात हमखास मासे असायचे हे आठवलं.

त्या संध्याकाळी मी मुलीला सरळ विचारलं, "आई मंगळवारी कुठे जायची?"

ती बाल्कनीत मातीत हात घालून बसली होती. तिने वर बघितलं नाही. "व्हाय?"

"मला माहीत असायला नको?"

"शी वॉज अलाइव्ह फॉर ऑल दोज ट्यूजडेज, बाबा. तेव्हा का नाही विचारलंस?"

तेवढं शेवटचं वाक्य तिने मराठीत म्हटलं. म्हणजे तिला ठाऊक होतं. घरातल्या दोघींना ठाऊक होतं आणि मला नव्हतं. त्या रात्री मला बायकोपेक्षा मुलीचा जास्त राग आला, आणि तो राग गिळायला बरेच तास लागले.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. पाच वाजता मी टॅक्सीवाल्यांना म्हटलं, "चला सनाबिसला." ते फक्त "यल्ला" म्हणाले आणि त्यांनी गाडी सुरू केली.

जुनं दुमजली घर होतं. एका मध्यमवयीन बाईने दार उघडलं, मी माझं काम सांगायच्या आत ती आत वळून काही म्हणाली आणि मला बसायच्या खोलीत नेलं. खिडकीपाशी एक फार म्हातारे गृहस्थ बसले होते. गुडघ्यांवर शाल, शेजारी काठी. मी कल्पनेत ज्याला दहा दिवस उभा केला होता त्या माणसापेक्षा ते तीस वर्षांनी तरी मोठे होते. तरी माझा जीव भांड्यात पडला नाही. संशयाला वयाचं काही वाटत नाही.

"तुम्ही ग्रंथपाल," ते इंग्रजीत म्हणाले. "बसा. ती गेल्याचं तुमच्या मुलीने मला फोनवर कळवलं होतं. मी यायला हवं होतं. पण कोण म्हणून आलो असतो?"

"तेच विचारायला मी आलोय," मी म्हणालो आणि खिशातला कागद त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, वाचला आणि मान हलवली. "माझंच अक्षर. तुम्ही यावरून काय समजलात?"

मी कागद परत घेऊन त्याची घडी घातली.

"अच्छा," ते म्हणाले. मग त्यांनी दार उघडणाऱ्या त्या बाईला, आपल्या मुलीला, हाक मारून चहा सांगितला. मी नको म्हणालो, पण त्यांनी ते ऐकलं नाही.

ते ट्युनिसचे. आयुष्यभर शाळेत फ्रेंच शिकवलं, निवृत्तीनंतर मुलीकडे राहायला आले. पाच वर्षांपूर्वी कवळीचं माप द्यायला दवाखान्यात गेले होते. रिसेप्शनवरची बाई टेबलाखाली पुस्तक धरून हसत होती. कवळी नसलेल्या तोंडाने त्यांनी तिला सांगितलं, हे पुस्तक इंग्रजीत फार शहाण्यासारखं बोलतं, मुळात तो असा बोलत नाही. तिने विचारलं, मग कसा बोलतो?

"तिथून सुरुवात झाली," ते म्हणाले. "तिला तो तुमच्या भाषेत आणायचा होता. तिच्या गावाच्या भाषेत. मी म्हटलं, मग आधी माझी भाषा शिका. मुळाक्षरांपासून शिकली. फी काय घेणार? मी म्हणालो, फी नको. तर ती डब्यातून कालवण आणू लागली. इतकं तिखट की पहिल्या दिवशी मला वाटलं नवी कवळी वितळेल."

"आणि किल्ल्यासाठीचे ते दोन?" मी विचारलं.

"नातवंडं अंडी खातात. मी त्यांच्याकडून मावळे विकत घेतो, एका मावळ्याला एक गोष्ट." मावळे हा शब्द ते सफाईने म्हणाले. कुणाकडून शिकले ते उघड होतं.

चहा आला. पुदिन्याचा, खूप गोड. मी तो हातात धरून बसलो आणि उरलेला एकच प्रश्न विचारला. "मला सांगू नका, असं का लिहिलंत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आता संशय त्यांच्या डोळ्यांत होता. हा माणूस ऐकून घेईल की उठून जाईल, असा.

"तिचाच हट्ट होता, म्हणून. सांगावं असं मला वाटत होतं. दर वर्षी मी म्हणायचो, आता सांगा. ती म्हणायची, पुस्तक पुरं झालं की त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवीन. अर्धवट दिसलं तर हसतील. मी विचारलं, तुमचा नवरा वाईट आहे का? ती म्हणाली, छे, फार चांगला आहे. पण एकदा चार लोकांत काही बोलला होता. मुलीला बक्षीस मिळालं त्या दिवशी."

मला काहीच आठवेना. मी तसं सांगितलं.

"तिच्या लक्षात होतं," ते म्हणाले. त्यात आरोप नव्हता.

परत येताना, सनाबिसच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते आठवलं. मंडळाच्या त्या कार्यक्रमानंतर आम्ही पाच-सहा जण पार्किंगमध्ये उभे होतो. बायको बक्षीस हातात धरून सांगत होती की परीक्षकांना कसं काही कळलंच नाही. आणि मी म्हणालो होतो, "हिला विचारू नका. हिचं वाचन चित्रकथेच्या फुग्यांतल्या अक्षरांपुरतं." सगळे हसले होते. तीही हसली होती. त्यानंतर आम्ही जेवायला गेलो होतो, आणि मला वाटतं बिर्याणी चांगली होती असं मी कुणालातरी म्हणालो होतो.

ती चार वर्षं माझ्यापासून काहीतरी लपवत होती, एवढं माझं खरं निघालं. टॅक्सीवाल्यांनी इमारतीसमोर गाडी थांबवली, तरी मी उतरलो नाही.

"साहेब?" ते म्हणाले. "सगळं ठीक?"

"ती फ्रेंच शिकत होती," मी म्हणालो.

"वैनी?" त्यांनी मागे वळून बघितलं. "मग मला का नाय बोलल्या कधी फ्रेंच?"

मुलगी स्वयंपाकघरात मॅगी करत होती. मला बघून तिने गॅस बारीक केला.

"तू गेलास."

"गेलो. मला बघू देशील?"

"काय?"

"तुमचं पुस्तक."

ती भिंतीला टेकून उभी राहिली, हाताची घडी घालून. तिची आई रागावली की अशीच उभी राहायची. "तू हसशील."

"नाही."

"मग चुका काढशील. लाल पेनने. अँड देन यू विल गिव्ह इट अ नंबर अँड पुट इट ऑन द बॉटम शेल्फ."

मी जे करतो तेच ती सांगत होती. ती मॅगी खाऊन आपल्या खोलीत गेली. मी भांडं घासलं. ओट्यावरचं पाणी पुसलं. दार लागल्याचा आवाज मात्र आला नाही. दार उघडंच होतं. बऱ्याच वेळाने ती एक जाड फाइल घेऊन आली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली, पण हात तिच्यावरच ठेवून.

"लाल पेन नाही."

"नाही."

मूळ फ्रेंच पुस्तकाच्या झेरॉक्स होत्या. प्रत्येक फुगा व्हाइटनरने पुसलेला आणि आत मुलीच्या हातची देवनागरी अक्षरं. मोठी, जपून काढलेली, वेलांट्या जरा जास्तच गोल. माझ्या मुलीला नावापलीकडे मराठी लिहिता येत नाही, असं मी लोकांना सांगत आलो होतो. मी पहिलं पान वाचलं. तो ठेंगणा वीर शेजाऱ्याला विचारत होता, "खंय चललंस रे सकाळीच?" आणि तो खरंच कुडाळचाच होता. हसू आलं तेव्हा मी आधी मुलीकडे बघितलं. ती माझ्या चेहऱ्यावर पहारा ठेवून बसली होती. मग ती जराशी सैल झाली.

मी सदतीस पानं वाचली. अडतिसाव्या पानावर दोन शेजाऱ्यांचं कडाक्याचं भांडण होतं आणि एकाच्या तोंडचा फुगा कोरा होता. समासात बायकोच्या अक्षरात पेन्सिलने लिहिलं होतं: जोरदार हवी.

"इथेच अडलंय," मुलगी म्हणाली. "मला शिव्या येत नाहीत. मालवणीत."

"मलाही नाही येत."

"आय नो."

मग तिनेच तिच्या मावशीला फोन लावला. कुडाळला तेव्हा रात्रीची झाकपाक चालू असणार. फोन स्पीकरवर टेबलाच्या मध्ये ठेवला.

"काय गो बाय? सगळा बरा मा?"

"मावशी, मला एक शिवी हवीय. मालवणी."

"काय व्हयी?"

"शिवी. जोरदार."

"शाळेत ह्याच शिकवतत तुमका? तुझो बापूस खंय आसा?"

"इथेच आहे," मी म्हणालो. "हिच्या आईचं एक काम राहिलंय. ते पुरं करतोय."

पलीकडे ताट सरकवल्याचा आवाज आला. मला वाटलं फोन कट झाला. मुलगी स्क्रीनकडे बघायला लागली.

"भांडता कोण?" मावशीने विचारलं. प्रश्न नेमका होता. "आणि कित्याक?"

"शेजारी," मुलगी म्हणाली. "एकाची कोंबडी दुसऱ्याच्या परसात गेलीय."

"मगे लिव. शिरा पडो मेल्या तुझ्या तोंडार!"

मुलीने पेन्सिल उचलली, कोऱ्या फुग्याकडे बघितलं आणि मग ती पेन्सिल माझ्याकडे सरकवली. "तू लिही. माझं शिरा चुकेल."

मी लिहिलं, हळूहळू, तिच्या अक्षरासारखंच मोठं काढायचा प्रयत्न करत. फुग्यात ते जेमतेम मावलं.

"लिवलास?" मावशी म्हणाली. "बरा. आता तो दुसरो काय गप ऱ्हवतलो? तेचा पण लिव."

मी अडतिसावं पान जवळ ओढलं. दुसऱ्या शेजाऱ्याचा फुगा त्याच पानावर, खालच्या कोपऱ्यात होता, तोही कोराच.